तेबेक : दोन नद्यांच्या उगमावरचे नगर

कोरियाच्या पूर्व किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी एक लांब पर्वतरांग उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेली आहे. तिचे नाव तेबेक. या रांगेत सामसुर्योंग नावाची एक खिंड आहे. सामसुर्योंग म्हणजे तीन पाण्यांची खिंड. या खिंडीच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब एका उतारावरून घरंगळला, तर तो हान नदीला मिळतो आणि राजधानी सोलच्या मधून वाहत जाऊन पश्चिमेच्या समुद्रात विसावतो. दुसऱ्या उतारावरून गेला, तर नाकदोंग नदीच्या प्रवाहात सामील होऊन बुसानजवळ दक्षिणेचा समुद्र गाठतो. तिसरा उतार त्याला एका लहानशा नदीच्या वाटेने थोड्याच अंतरावर पूर्वेच्या समुद्रात नेऊन सोडतो. तीन दिशा आणि तीन समुद्र. मात्र खिंडीत स्वतःसाठी काही राहत नाही.

या खिंडीच्या पायथ्याशी तेबेक नावाचेच एक लहान नगर वसले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. दक्षिण कोरियातील शहरांत लोकसंख्येने सर्वांत लहान म्हणून त्याची गणना होते. तथापि एका संपूर्ण राष्ट्राची चूल अनेक वर्षे या नगराने पेटती ठेवली होती. ती कशी पेटली, कोणाच्या श्रमांवर पेटली आणि विझल्यावर नगराचे काय झाले, हा इतिहास जाणून घेतल्यावाचून तेबेकच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या प्रवाशाला तेथील शांततेचा अर्थ लागत नाही.

सोलहून निघालेली आगगाडी पूर्वेच्या डोंगरांत शिरली की नद्यांच्या वळणांमागून वळणे घेत चढू लागते. यॉंगवॉल मागे पडते, साबुक आणि गोहान ही खाणींची गावे मागे पडतात आणि साडेचार किलोमीटर लांबीच्या एका बोगद्यातून बाहेर पडताच चुजॉन नावाचे चिमुकले स्थानक येते. त्याची उंची ८५५ मीटर. तेथून उतार सुरू होतो आणि लवकरच तेबेक येते. उन्हाळ्यात सोलमधून आलेल्या माणसाला येथील हवेचा गारवा चटकन जाणवतो. हिवाळा मात्र कडक आणि लांब. डोंगरांच्या उत्तरेकडील उतारांवर बर्फ दीर्घकाळ टिकून राहते.

नगराच्या अगदी मध्यभागी, दुकानांच्या आणि रहदारीच्या गर्दीत, ह्वांगजी नावाचे एक तळे आहे. नाकदोंग नदीचा परंपरेने मानलेला उगम तो हाच. जमिनीखालून येणारे निळसर, निवळ पाणी येथे अखंड वर येत असते आणि पाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नदीचा आरंभ बाजारपेठेतल्या एका बागेत होतो. या तळ्याविषयी तेबेकमध्ये एक कथा सांगतात. तेथे पूर्वी ह्वांग नावाच्या एका धनिकाचा वाडा होता. एके दिवशी दाराशी एक भिक्षू आला. कंजूष धनिकाने त्याच्या झोळीत धान्याऐवजी शेण टाकले. घरातील सुनेला ते पाहवेना. तिने मुकाट्याने झोळी साफ केली, तांदूळ घातले आणि क्षमा मागितली. भिक्षू तिला म्हणाला, ‘या घराचा काळ जवळ आला आहे. माझ्यामागून चल, काही झाले तरी मागे वळून पाहू नकोस.’ पाठीवर तान्हे मूल घेऊन ती डोंगराच्या वाटेला लागली. इतक्यात मागे प्रचंड गडगडाट झाला. तिने वळून पाहिले आणि त्याच जागी ती दगड होऊन राहिली. वाडा जमिनीत गेला आणि तेथे तळे झाले. ज्याने दिले नाही त्याचे घर बुडाले, हा कथेचा बोध सरळ आहे. परंतु जिने दिले तिलाही मागे वळून पाहण्याची शिक्षा झाली, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात अधिक काळ घोळत राहते.

ह्वांगजीतून निघालेला प्रवाह दक्षिणेकडे काही अंतर गेल्यावर त्याला चुनखडीचा एक खडक आडवा येतो. नदीने त्याला वळसा घातलेला नाही, तो कोरून आरपार वाट काढली आहे. गुमुनसो नावाच्या या दगडी कमानीभोवतीचे थर पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. एके काळी येथे उथळ समुद्र होता, याची साक्ष त्यांतील जीवाश्म देतात. दुसरी नदी हान. तिचा उगम नगराच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतील गॉम्न्योंगसो नावाच्या झऱ्यात आहे. पाण्याचे तापमान बाराही महिने नऊ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे भोवती बर्फ साचलेले असतानाही खडकांवरील शेवाळ हिरवेगार दिसते. पश्चिमेच्या समुद्रातला एक अजगर ड्रॅगन होण्याच्या इच्छेने नदीच्या वाटेने वर वर चढत या झऱ्याशी पोहोचला, अशी लोककथा आहे. खडकावरील वळणदार घळी त्याच्याच धडपडीच्या खुणा मानल्या जातात.

नद्यांप्रमाणेच येथील पर्वतही कोरियन मनाला पवित्र वाटत आला आहे. १५६७ मीटर उंचीच्या तेबेक पर्वताची गणना प्राचीन सिल्ला राज्याच्या पाच पवित्र पर्वतांमध्ये होत असे. त्याच्या शिखरावर ओबडधोबड दगडांची रचलेली चॉन्जेदान ही वेदी आहे. कोरियाच्या पुराणप्रसिद्ध स्थापनेचा दिवस म्हणून पाळल्या जाणाऱ्या ३ ऑक्टोबरला तेथे आकाशदेवतेची पूजा होते. वाटेत जुनाट यू वृक्ष उभे आहेत. ते हजार वर्षे जगतात आणि मेल्यावरही हजार वर्षे उभे राहतात, अशी लोकोक्ती आहे. शिखरापासून थोडे खाली दानजोंग राजाचे एक लहानसे स्मारकमंदिर लागते. दानजोंग १४५२ मध्ये कोवळ्या वयात गादीवर आला. १४५५ मध्ये त्याच्या चुलत्याने ती हिसकावून घेतली आणि १४५७ मध्ये यॉंगवॉल येथे, बंदिवासात, त्याचा अंत झाला. मृत्यूनंतर तो पांढऱ्या घोड्यावर बसून तेबेकच्या दिशेने गेला आणि या पर्वताचा रक्षक देव झाला, अशी डोंगरातल्या लोकांची श्रद्धा आहे. राजधानीने ज्याला टाकले त्याला डोंगराने आसरा दिला. पुढेही अनेकदा असेच घडावयाचे होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत या खोऱ्यांत वस्ती अगदी तुरळक होती. सपाटीवर ज्यांना जमीन नव्हती अशी कुटुंबे येथे येत, डोंगराचा एखादा तुकडा जाळून त्यावर बटाटे, मका, ज्वारी पिकवीत आणि माती थकली की पुढच्या उताराकडे सरकत. आपल्याकडे कुमरी म्हणतात तशीच ही शेती. लाकडाच्या फळ्यांनी शाकारलेली त्यांची घरे. त्यांत माणसे आणि गुरे एकाच छपराखाली हिवाळा काढीत.

हे एकाकी आयुष्य बदलले ते पायांखालच्या काळ्या दगडाने. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. १९२० नंतरच्या दशकात या भागातील कोळशाच्या थरांकडे जपानी राज्यकर्त्यांचे लक्ष वळले आणि १९३६ मध्ये जांगसॉंगची खाण सुरू झाली. चोराम येथे कोळसा निवडण्याचा आणि धुण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. १९४० मध्ये चोरामपासून पूर्व किनाऱ्यावरील मुकहो बंदरापर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. लोहमार्ग कोणत्या दिशेने जातो यावरून तो कोणासाठी बांधला हे पुष्कळदा कळते. हा मार्ग कोरियाच्या राजधानीकडे जात नव्हता, तो समुद्राकडे जात होता.

या मार्गावर एक अवघड टप्पा होता. तोंगनी आणि सिम्पोरी या स्थानकांमधला चढ इतका उभा होता, की इंजिनाला तो चढवत नसे. मालाचे डबे पोलादी दोराने ओढून वर घेतले जात. उतारूंना मात्र गाडीतून उतरून तो डोंगर पायी चढावा लागे आणि वर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसावे लागे. म्हाताऱ्यांचे, लेकुरवाळ्या बायकांचे बोजे वाहण्यासाठी वाटेवर हमाल उभे असत. कोळसा दोराने चढे-उतरे आणि माणूस पायांनी, अशी ही व्यवस्था होती. ती १९६३ पर्यंत चालली. नंतर गाडी पुढे-मागे होत नागमोडी चढेल असा मार्ग काढण्यात आला, आणि २०१२ मध्ये डोंगराच्या पोटात वेटोळे घेत जाणारा सोळा किलोमीटरांहून लांब बोगदा खुला झाल्यावर तोही इतिहासजमा झाला.

१९४५ मध्ये जपानी गेले. परंतु देशाचे दोन तुकडे झाले. मोठी जलविद्युत्केंद्रे उत्तरेत राहिली. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने दक्षिणेचा वीजपुरवठा तोडला आणि दक्षिण अंधारात सापडली. दोन वर्षांनी युद्ध पेटले. १९५० मध्येच, युद्धाच्या धुमश्चक्रीत, दक्षिणेच्या सरकारने कोळसा महामंडळाची स्थापना केली, यावरून कोळशाची निकड किती होती हे ध्यानात येते. युद्ध थांबले तेव्हा सरपणासाठी डोंगर उघडेबोडके झाले होते, शहरे निर्वासितांनी भरली होती आणि हिवाळा तर दर वर्षी यावयाचाच होता. अशा वेळी तेबेकच्या खोऱ्याला राजधानीकडच्या लोहमार्गाशी जोडणे हे राष्ट्रीय कर्तव्य ठरले. यॉंगजू ते चोराम हा मार्ग डोंगर फोडून १९५५ च्या अखेरीस पूर्ण झाला. आता कोळसा समुद्राऐवजी सोलकडे वाहू लागला.

हा कोळसा अँथ्रसाइट जातीचा, म्हणजे फारसा धूर न करता दीर्घकाळ जळणारा होता. त्याची भुकटी पाण्यात कालवून, यंत्रात दाबून, तिची उभ्या भोकांची नळकांडी वडी करीत. तिला यॉन्तान म्हणतात. कोरियातील घरे जमिनीखालून ऊब देणारी असतात. चुलीतली उष्ण हवा फरशीखालच्या नळ्यांतून फिरविण्याच्या या पद्धतीला ओंदोल असे नाव आहे. पूर्वी त्या चुलीत लाकूड जळे. आता यॉन्तान जळू लागले. एकावर एक ठेवलेल्या वड्यांपैकी खालची विझण्यापूर्वी वर नवी ठेवावी लागे. म्हणून घरातील गृहिणीला मध्यरात्री उठून चुलीशी जावेच लागे. उरलेली राख थंडीत निसरड्या रस्त्यांवर पसरीत. फरशीला चीर पडली, तर रंगहीन, गंधहीन विषारी वायू खोलीत शिरे आणि झोपेतच कुटुंबे दगावत. त्या काळच्या हिवाळ्यांत अशा बातम्या नित्याच्या होत्या. तरीही या वडीने कोट्यवधी माणसांना ऊब दिली आणि आणखी एक मोठे काम केले. लोकांना सरपणाची गरज उरली नाही, म्हणूनच १९७३ पासून मोठ्या प्रमाणावर हाती घेतलेली वनरोपणाची योजना फळाला आली. आज कोरियाचे डोंगर हिरवे दिसतात. त्या हिरवेपणाच्या मुळाशी तेबेकचा काळा कोळसा आहे, हे प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही.

कोळशामागोमाग माणसे आली. जमीन नसलेले शेतकरी, धंद्यात बुडालेले व्यापारी, शिक्षण अर्धवट सुटलेले तरुण देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे आले. खाणीच्या बोगद्यात जेथे प्रत्यक्ष कोळसा फोडतात त्या शेवटच्या टोकाला कोरियन भाषेत ‘माकजांग’ म्हणतात. तेथे काम करणारे स्वतःविषयी बोलतानाही तोच शब्द वापरीत. दुसरीकडे कोठेही थारा न मिळालेला माणूस अखेर माकजांगला येतो, असा त्याचा आशय होता. दिवसाचे तीन पाळ्यांत विभागलेले काम, अंगाची लाही करणारा उष्मा, छत कोसळण्याची धास्ती. जांगसॉंगचे बोगदे खोल जाता जाता समुद्रसपाटीच्याही खाली पोहोचले होते.

मृत्यू इतका निकट असला की माणूस लहानसहान खुणांचा आधार शोधतो. खाणीत शीळ घालणे वर्ज्य होते. डब्यात भाताचे चार डाव वाढीत नसत, कारण ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या शब्दांचा उच्चार तेथे सारखाच. खाणीतले उंदीर मारणे दूरच, त्यांना डब्यातला घास देत. वायूचा किंवा पडझडीचा धोका त्यांना आधी कळतो, असा अनुभव होता. आणि घरी राहिलेली पत्नी उंबऱ्यापाशी नवऱ्याचे जोडे ठेवताना त्यांची टोके घराच्या दिशेने करून ठेवी. बाहेर गेलेले पाऊल पुन्हा आत वळावे, एवढीच त्यामागची प्रार्थना होती.

पैसा मात्र होता. तेबेकमध्ये कुत्रीसुद्धा दहा हजार वॉनची नोट तोंडात धरून फिरतात, असे लोक थट्टेने म्हणत. पगाराच्या दिवशी चोरामचा बाजार ओसंडून वाही. जागा पुरेना म्हणून ओढ्याच्या पात्रात खांब रोवून त्यांवर घरांचे मागील भाग बांधले गेले. घशातली कोळशाची धूळ उतरावी म्हणून कामगार चरबीदार डुकराचे मांस खात आणि रश्शात शिजविलेली कोंबडी अनेक जण एकाच पातेल्याभोवती बसून संपवीत. ती आता तेबेकची खासियत म्हणून ओळखली जाते. १९८१ मध्ये जांगसॉंग आणि ह्वांगजी ही दोन गावे एकत्र करून तेबेक हे शहर म्हणून घोषित झाले. १९८७ च्या सुमारास त्याची लोकसंख्या एक लाख वीस हजारांवर गेली होती. येथील शाळकरी मुले चित्रात ओढा काढीत, तेव्हा पाण्याला काळा रंग देत. त्यांनी पाहिलेले पाणी त्याच रंगाचे होते.

सरकार या कामगारांना ‘उद्योगाचे सैनिक’ म्हणून गौरवीत असे. १९७५ मध्ये नगराजवळच्या टेकडीवर मृत कामगारांसाठी एक स्मारकस्तंभ उभारण्यात आला. तेथे जतन केलेल्या नामफलकांची संख्या चार हजारांहून अधिक आहे. परंतु सैनिकाचे बिरुद लावणे सोपे आणि सैनिकाला सांभाळणे कठीण. फुप्फुसांत साचलेल्या धुळीने खोकत खोकत उरलेले आयुष्य रुग्णालयात काढणाऱ्यांची नावे कोणत्याही स्तंभावर नव्हती. शेजारच्या साबुक येथे एप्रिल १९८० मध्ये कामगारांच्या असंतोषाचा उद्रेक झाला आणि पुढे लष्करी राजवटीने त्याबद्दल अनेकांचा छळ केला.

अखेर ऊब दुसरीकडून येऊ लागली. तेल आणि नैसर्गिक वायू स्वस्त झाले, शहरांत उंच इमारती झाल्या, यॉन्तानची चूल गरिबीची खूण ठरली. दक्षिण कोरियाचे कोळशाचे उत्पादन १९८८ मध्ये दोन कोटी चाळीस लाख टनांवर जाऊन पोहोचले होते. दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, सरकारने खाणी बंद करण्याचे धोरण जाहीर केले. कोळशाचे थर खोल गेले होते आणि खर्च परवडत नव्हता, हे खरेच. पण खाण बंद करण्यास जेवढे महिने लागतात, तेवढ्या महिन्यांत माणसाचे दुसरे आयुष्य उभे राहत नाही. एकामागून एक खाणी बंद पडल्या, वसाहती ओस झाल्या, शाळांतले वर्ग रिकामे झाले. १९९५ मध्ये खाणप्रदेशातील लोक रस्त्यावर उतरल्यानंतर त्या वर्षाच्या अखेरीस या प्रदेशासाठी खास कायदा झाला. त्याचे मोठे फळ म्हणून शेजारच्या डोंगरात जुगारगृह उभे राहिले. तेबेकच्या वाट्याला मुख्यतः प्रवासी आले. जांगसॉंगची खाण तग धरून होती. अठ्ठ्याऐंशी वर्षे चालून २०२४ च्या जूनअखेर तीही बंद झाली. पुढल्या वर्षी शेजारच्या दोग्ये येथील खाण बंद झाली आणि महामंडळाची अखेरची खाण इतिहासात जमा झाली. तेबेकची लोकसंख्या आता चाळीस हजारांच्याही खाली आली आहे.

आज प्रवासी येतो तो बर्फासाठी, पर्वतासाठी, उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी. १९९४ पासून दर हिवाळ्यात येथे हिमोत्सव भरतो. उंच उतारांवर उन्हाळी कोबीची अफाट शेते आणि त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसतात. विरळ हवेत सराव करण्यासाठी खेळाडू येतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या कोळसा-संग्रहालयात जुन्या टोप्या, दिवे, फावडी मांडलेली आहेत. चोरामच्या ओढ्यावरील खांबांवरची घरे पाडून न टाकता जपली आहेत. त्यांच्या मागे ओढ्याच्या एका काठावर पाठीशी मूल बांधलेल्या स्त्रीचा आणि पलीकडे कामावर निघालेल्या नवऱ्याचा पुतळा आहे. ती हात हलवीत आहे. ओढ्याचे पाणी आता स्वच्छ आहे. चित्र काढणाऱ्या मुलाला काळा रंग लागणार नाही. परंतु अशी मुलेच थोडी उरली आहेत.

‘माकजांग’ हा शब्द अलीकडे कोरियात भडक, अतिरंजित नाटकांसाठी आणि बेताल वागणुकीसाठी सर्रास वापरला जाऊ लागला. २००९ मध्ये कोळसा महामंडळाच्या प्रमुखांनी त्याला जाहीर हरकत घेतली. माकजांग म्हणजे घाम गाळून माणसे प्रामाणिकपणे जगली ती जागा, तिचे नाव शिवीसारखे वापरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शब्दाचा नवा अर्थ काही पुसला गेला नाही. तरी हरकत घेतली गेली, याचे मोल कमी नाही.

ह्वांगजीच्या काठावर शिल्परूपाने सून उभी आहे, पाठीवर मूल घेऊन. मागे वळून पाहू नकोस, असे तिला सांगितले होते. ज्यांनी सर्व काही खालच्या मुलखाला दिले त्यांनाही नव्या युगाने हेच सांगितले. मागचे विसरा आणि पुढे चला. तेबेकच्या लोकांनी मागे वळून पाहिले, आणि आपल्या मृतांची नावे, जोड्यांची दिशा, उंदरांना दिलेला घास हे सारे लक्षात ठेवले. सोलमधून वाहणाऱ्या हानच्या काठी संध्याकाळी फिरणाऱ्या माणसाला ते पाणी कोठून आले हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तेबेक पाहून परतलेल्या प्रवाशाला ते ठाऊक असते, आणि घरातल्या उबदार फरशीवर पाय टेकताना त्याला त्या डोंगरी नगराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.